पाय मिळाला, पायऱ्यांचे काय?

माजी विद्यार्थ्यांच्या मागील मेळाव्यातील एक प्रसंग आम्हां वर्गबंधूंच्या मनातून अजून गेलेला नाही. सकाळच्या वंदनेसाठी सर्व मंडळी विहाराच्या सभागृहात जमली होती. दाराबाहेर पादत्राणांच्या रांगा लागल्या होत्या आणि आत सतरंजीवर सारे मांडी घालून बसले होते. आमच्या तुकडीतील एक मित्र मात्र पायऱ्यांच्या खालीच उभा राहिला. विद्यालयात असताना लेझीम पथकाच्या पहिल्या रांगेत हमखास दिसणारा, वसतिगृहातील बंद पडलेले पंखे स्वतः उघडून दुरुस्त करणारा हा मुलगा. आम्ही आतून खूण केली. त्याने तेथूनच हात जोडून जयभीम केला आणि तो जागचा हलला नाही. वंदना झाली, भाषणे झाली. आमच्यापैकी एकाने जरा तिखटपणेच म्हटले, "मोठा माणूस झाला वाटतं. आत यायलाही कमीपणा वाटतो."

दुपारी जेवणाच्या पंगतीत उलगडा झाला. सहा वर्षांपूर्वी महामार्गावर एका टेम्पोने त्याच्या दुचाकीला धडक दिली होती आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. पँट आणि बूट घातल्यावर ते कोणाच्या लक्षात येत नाही, आणि त्यानेही ते कधी मुद्दाम सांगितले नव्हते. "अरे, बूट काढला की मी मागं झुकतो," तो म्हणाला. "हा पाय बुटाच्या टाचेच्या उंचीनं बसवलेला आहे. आणि आपल्या त्या तीन पायऱ्यांना धरायला काहीच नाही. पडलो असतो तर सगळ्यांची वंदना माझ्यामुळं थांबली असती."

आम्ही निरुत्तर झालो. ज्या संस्थेने आम्हांला समतेचे पहिले धडे दिले, तिच्याच दाराशी आमचा एक बंधू केवळ तीन पायऱ्यांमुळे बाहेर राहिला होता; आणि आम्ही त्याला गर्विष्ठ ठरवून मोकळे झालो होतो. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा गतकाळच्या आठवणी लिहाव्यात असे प्रथम वाटले होते. परंतु मेळाव्यातील ती सकाळ पुढे उभी राहिली आणि कृत्रिम अवयव या विषयाकडे आपण समाज म्हणून कसे पाहतो, याविषयीचे आमचे मत मांडावे, असे आम्ही सर्वांनी मिळून ठरवले.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. कृत्रिम अवयव ही एकदा द्यायची वस्तू नव्हे; ती आयुष्यभर चालणारी व्यवस्था आहे. ते दात्याचे दान नव्हे, तर नागरिकाचा अधिकार आहे. आणि हा अधिकार केवळ अवयव बसवल्याने पुरा होत नाही. त्या अवयवासह माणूस जेथे जेथे जाऊ इच्छितो, तेथपर्यंतची वाटही त्यात मोडते.

प्रथम हा पाय म्हणजे काय, ते समजून घेतले पाहिजे. कारण आपल्यापैकी अनेकांची कल्पना अशी असते की दुकानातून बूट आणावा तसा तो आणून बांधायचा. गुडघ्याखालच्या कृत्रिम पायाचे मुख्यतः तीन भाग असतात: शरीराचा उरलेला भाग ज्यात बसतो ती खोबण, मधली नळी आणि खालचे पाऊल. यांत सर्वांत महत्त्वाची खोबण. उरलेल्या पायाचा प्लास्टरमध्ये साचा घेऊन ती घडवावी लागते, कारण प्रत्येकाच्या पायाचा आकार निराळा. शरीराचा भार पायाच्या टोकावर येऊन चालत नाही. गुडघ्याच्या वाटीखालचा शिरेचा भाग आणि भार सोसू शकणाऱ्या अशा अन्य जागा हेरून तो भार त्यांवर वाटून द्यावा लागतो. हे गणित थोडे जरी चुकले, तरी कातडी सोलवटते, जखमा होतात आणि मधुमेही माणसाच्या बाबतीत तर उरलेला पायही धोक्यात येतो. शिवाय शस्त्रक्रियेनंतर पहिले काही महिने त्या भागाची सूज उतरत जाते, स्नायू रोडावतात आणि कालची घट्ट खोबण आज सैल होते. मग आत मोज्यांचे थर वाढवायचे आणि तेही पुरेनासे झाले की नवी खोबण घडवायची. वाढत्या वयाच्या मुलांना तर वरचेवर नवे माप लागते.

आमच्या मित्राला पहिला पाय मिळाला तो एका शिबिरात. तालुक्याच्या गावी मंडप घातला होता. पाहुण्यांची भाषणे झाली, हार झाले, पाय मांडीवर घेऊन छायाचित्रे झाली. तंत्रज्ञांनी दिवसभर घाम गाळून काम केले, याबद्दल आमचा मित्र आजही कृतज्ञ आहे. परंतु सहा महिन्यांनी पाय सैल झाला. कोणाला विचारावे, हे त्याला ठाऊक नव्हते; मंडप तर दुसऱ्याच दिवशी उतरला होता. त्याने आत जुनी बनियन कोंबून पाहिली, तुटलेल्या पट्ट्याच्या जागी सायकलची ट्यूब कापून लावली. तो मोटार रिवाइंडिंगचे काम करतो, हाताला कसब आहे, म्हणून एवढे तरी जमले. अखेर जखम चिघळली आणि तो पाय घराच्या माळ्यावर गेला. सध्याचा पाय त्याने पुढे शहरात जाऊन, कर्ज काढून बसवून घेतला. पाय मिळालेल्यांच्या यादीत त्याचे नाव आहे. तो पाय माळ्यावर आहे, याची नोंद मात्र कोठेही नाही.

यावर कोणी म्हणेल, की शिबिरे नसती तर एवढेही मिळाले नसते. हे खरे आहे आणि आम्ही ते नाकारत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी लोक अपंगत्वासह जगत होते. त्यांपैकी सुमारे ५४ लाखांचे अपंगत्व चालण्याफिरण्याशी, हालचालीशी निगडित होते. एकट्या महाराष्ट्रातील अपंग व्यक्तींची संख्या २९ लाखांहून अधिक होती आणि देशपातळीवर पाहिले तर त्यांतील बहुतेक ग्रामीण भागातील. एवढ्या मोठ्या समुदायापर्यंत पोहोचण्यासाठी शिबिरांचा मार्ग काढला गेला, तो वाईट हेतूने नव्हे. आमचा आक्षेप शिबिराला नाही. शिबिर संपल्यावर उरणाऱ्या शांततेला आहे. वितरणाचा सोहळा होतो, दुरुस्तीचा होत नाही. म्हणून वितरणाला देणगीदार मिळतात, दुरुस्तीला मिळत नाहीत.

आता या अवयवांच्या इतिहासाकडे वळू, कारण आपल्या संस्थेच्या दृष्टीने त्यात एक मोठा बोध आहे. इजिप्तमध्ये थीब्ज येथील एका थडग्यात सापडलेला, एका स्त्रीच्या पायाला बसवलेला लाकडी अंगठा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आम्ब्रोआज पारे याने युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी यांत्रिक हात आणि पाय योजले. त्या काळातील हा थोर शल्यविशारद आपले काम न्हावी-शल्यकाच्या हाताखाली शिकला होता. आणि आपल्या पुण्याजवळची एक घटना तर साऱ्या जगाच्या वैद्यकीय इतिहासात नोंदली गेली आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी शेतकरी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने, १७९३ च्या सुमारास, पुण्याजवळ एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक घडवले. इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिले. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याचा सचित्र वृत्तांत छापून आला. आणि त्यावरून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली.

कावसजीचे नाव राहिले. ते पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे राहिली. कार्प्यूचे नावही वैद्यकाच्या ग्रंथांत राहिले. ज्याने ते नाक घडवले, त्याच्याविषयी त्या वृत्तांतात एवढेच आहे की तो विटा घडवणाऱ्या जातीचा होता. त्याचे नाव कोणी विचारले नाही.

या घटनेनंतर पावणेदोनशे वर्षांनी जयपूरमध्ये जे घडले, ते याच धाग्याचे दुसरे टोक होय. सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यविशारद होते. परदेशी घडणीचा कृत्रिम पाय घेतलेले त्यांचे अनेक रुग्ण काही दिवसांनी पुन्हा कुबड्या घेऊन येत. कारण उघड होते. तो पाय बुटासाठी घडवलेला होता. आणि आपल्याकडचा माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, चिखलात भात लावतो, चपला बाहेर काढून घरात येतो. त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे एक कारागीर रुग्णांना हस्तकला शिकवीत. शालेय शिक्षण अगदी थोडे. परंतु मूर्तिकाराचा हात आणि कारागिराची नजर. असे सांगतात, की सायकलचे चाक पंक्चर झाल्याने ते एका दुकानात थांबले असता तेथे ट्रकच्या टायरवर रबर चढवण्याचे काम चालू होते; ते पाहून पाऊल रबराचे का करू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यातून १९६८ च्या सुमारास 'जयपूर फूट' साकार झाला. आत हलक्या रबराचे व लाकडाचे भाग, बाहेर चिवट रबराची त्वचेच्या रंगाची कातडी, बोटेसुद्धा घडवलेली. हे पाऊल अनेक दिशांनी वाकते. त्यावर अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, पाण्यात उतरता येते. त्याच्यावर एकस्व घेतले गेले नाही. १९७५ साली डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते विनामूल्य बसवण्याचे मोठे कार्य उभारले आणि भूसुरुंगांनी पाय गमावलेल्या अफगाणिस्तानासारख्या देशांपर्यंत ते पोहोचले.

१९८१ साली डॉ. सेठी यांना मॅगसेसे पुरस्कार आणि पद्मश्री मिळाली. ते त्या सन्मानास सर्वथा पात्र होते. कारागिराचे ऐकून घेणारा डॉक्टर ही काही रोज आढळणारी गोष्ट नव्हे. तरीही रामचंद्र शर्मा यांचे नाव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे, हे आम्ही स्वतःला विचारून पाहिले. हा लेख लिहायला बसेपर्यंत आमच्यापैकी एकालाही ते ठाऊक नव्हते.

आपल्या विद्यालयाने या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते. जातिव्यवस्था ही कामाची विभागणी नसून काम करणाऱ्यांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते. ज्यांचे हात कातडे, माती, लाकूड व लोखंड ओळखत, त्यांना विद्येपासून दूर ठेवले गेले; आणि ज्यांच्या हाती विद्या होती, त्यांनी हात मळवणे हलके मानले. कृत्रिम पाय घडवताना हे दोन्ही एकाच टेबलाशी यावे लागतात. ते जेथे एकत्र आले, तेथे जयपूरचा पाय झाला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातांत जे कसब होते, त्याची लाज बाळगून आपण ते टाकून दिले. ते का टाकले, हे आम्ही जाणतो, कारण त्या कसबाबरोबर अपमानही बांधलेला होता. परंतु अपमान टाकताना कसबही टाकलेच पाहिजे, असे नाही. विद्येची जोड देऊन तेच कसब आज सन्मानाचा व्यवसाय होऊ शकते.

कोणी विचारील, की आता तर विजेवर चालणारे हात आले, संगणकीय गुडघे आले, मग जुन्या कारागिरीची एवढी थोरवी कशाला? नव्या तंत्रज्ञानाचे आम्ही स्वागतच करतो. दंडात उरलेल्या स्नायूंचे सूक्ष्म विद्युत्-संकेत टिपून बोटे मिटणारा हात पाहिला की मन थक्क होते. परंतु असा हात लाखो रुपयांचा असतो, त्याची बॅटरी रोज भरावी लागते आणि तो पाणी, धूळ व चिखलापासून जपावा लागतो. कडबाकुट्टी यंत्रात हात गमावलेल्या शेतमजूर भगिनीला त्याहून पुष्कळ साधी वस्तू अधिक उपयोगी पडते: खांद्याच्या हालचालीने ताणल्या जाणाऱ्या तारेवर उघडणारा-मिटणारा लोखंडी आकडा. त्याने बादली उचलता येते, विळा धरता येतो, तो मोडला तर गावातही सांधता येतो. दिसायला तो हातासारखा नसतो, म्हणून पाहणाऱ्यांना तो खटकतो. वापरणाऱ्याला त्याचे काम महत्त्वाचे असते. अवयव कोणाला बरा दिसावा म्हणून बसवायचा, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला, तर आपल्या दानशूरपणाचे बरेचसे गुपित उलगडते.

अशीच एक सवय आपल्याला असामान्य उदाहरणांची आहे. सुधा चंद्रन यांनी १९८१ च्या अपघातात पाय गमावला आणि १९८४ साली जयपूरचा पाय लावून त्या पुन्हा रंगमंचावर भरतनाट्यम करू लागल्या. पुढे त्यांच्या जीवनावर चित्रपटही निघाला. त्यांच्या जिद्दीस आमचे वंदन आहे. परंतु एस.टी.च्या पायरीवर चढण्यासाठी कोणाला सुधा चंद्रन व्हावे लागू नये. असामान्यांच्या टाळ्यांत सामान्यांची मागणी बुडून जाते. 'तिने केले, मग तुला का जमत नाही?' हा प्रश्न आमच्या मित्राने नातेवाइकांकडून कितीदा ऐकला, ते त्याने हसत हसत सांगितले; आम्हांला मात्र हसू आले नाही.

आता अधिकाराविषयी. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या विद्यार्थ्यांना पहिलीपासून ठाऊक असतो. वरून ओंजळीत पाणी ओतणारे हात त्या काळीही होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्याकडे गेले, ते कोणी अधिक दयाळूपणे ओतावे म्हणून नव्हे. स्वतःच्या पायांनी पाण्यापर्यंत उतरून स्वतःच्या ओंजळीने पाणी घेण्यासाठी. वरून ओतलेले पाणी आणि स्वतः उतरून घेतलेले पाणी यांतील फरक ज्या समाजाला कळला, त्या समाजाला मंडपात वाटलेला पाय आणि अधिकाराने मिळालेला पाय यांतील फरक समजावून सांगण्याची गरज पडू नये.

कायदाही आज तेच सांगतो. दिव्यांग व्यक्तींच्या अधिकारांचा २०१६ चा कायदा एप्रिल २०१७ पासून अंमलात आहे. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले आणि सरकारी नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा राखीव झाल्या. याच कायद्यातील 'सार्वजनिक इमारत' या शब्दाची व्याख्या आम्ही मुद्दाम वाचली. लोकांचा वावर असलेली इमारत सरकारी असो वा खासगी, शिक्षणासाठी असो वा धार्मिक कार्यासाठी, ती त्यात येते. अस्तित्वात असलेल्या अशा इमारती सुगम करण्यासाठी नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. ती २०२२ मध्ये संपली. आपले विद्यालय, वसतिगृह व विहार या तिन्ही वास्तू त्या व्याख्येत बसतात. महाराष्ट्राने २०२२ च्या अखेरीस दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु 'अपंग' शब्द जाऊन 'दिव्यांग' शब्द आला, तरी पायरीची उंची तेवढीच राहिली, तर त्या नव्या शब्दाने काय साधले?

काहींचा आक्षेप असा येईल, की आपल्या वसतिगृहात आजवर पाय नसलेला विद्यार्थी आलाच नाही, मग हा खर्च कशासाठी? आमचे उत्तर असे, की तो आला नाही, कारण प्रवेशाच्या दिवशी त्याचे वडील त्याला घेऊन आले असतील, वर पहिल्या मजल्यावरची खोली आणि आवाराच्या टोकाचे शौचालय पाहून परत गेले असतील. त्याचा अर्ज संस्थेने कधी नामंजूर केला नाही. पायऱ्यांनी आधीच केला होता.

मेळाव्यानंतर आम्ही वर्गबंधूंनी उतरत्या वाटेसाठी, म्हणजे रॅम्पसाठी, वर्गणी काढण्याचे ठरवले. हिशेबही केला. पायऱ्या तीन, प्रत्येकीची उंची सुमारे १५ सेंटिमीटर, म्हणजे एकूण ४५. एकास बारा या प्रमाणित उताराने ५४० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे पावणेअठरा फूट लांबीचा रॅम्प. आनंदाने आम्ही मित्राला दूरध्वनी केला. तो शांतपणे म्हणाला, "रॅम्प करा, चाकाची खुर्ची असलेल्यांना तो लागेलच. पण मला उतारापेक्षा पायऱ्याच बऱ्या पडतात. उतारावर घोटा वळत नाही, गुडघ्याला झटका बसतो. मला फक्त कठडा लागतो. आणि आत एक खुर्ची." आम्ही पुन्हा एकदा निरुत्तर झालो. त्याच्यासाठी काय करायचे ते ठरवताना आम्ही सर्वांना विचारले होते, फक्त त्याला विचारले नव्हते. शिबिरवाल्यांवर लेख लिहायला निघालेल्या आम्ही तीच चूक केली होती.

भदंत नागसेन आणि राजा मिलिंद यांचा रथाचा संवाद आपण सर्वांनी याच विद्यालयात प्रथम ऐकला. केस, नखे, दात यांतील कोणताही एक भाग म्हणजे नागसेन नव्हे. आस, चाक, जू यांतील कोणताही एक भाग म्हणजे रथ नव्हे. लहानपणी आम्हांला तो केवळ बुद्धीचा खेळ वाटला होता. आज असे वाटते, की गमावलेला पाय म्हणजे तो माणूस नव्हे आणि मिळालेला पायही तो माणूस नव्हे. मग आपली नजर सारखी त्या पायावरच का खिळावी? आणि रथ चालायचा तर सर्व भागांचा मेळ बसावा लागतो, तसा येथेही खोबण, पाऊल, कारागीर, पायरी, कठडा आणि शेजारी बसणारा माणूस यांचा मेळ बसला, तरच चालणे घडते.

म्हणून संस्थेपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे आम्ही काही गोष्टी ठेवीत आहोत. पहिली, विहाराच्या व विद्यालयाच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा, शेजारी रॅम्प, सभागृहात मागे नव्हे तर रांगेतच काही खुर्च्या, आणि तळमजल्यावर आधाराच्या दांड्यांसह एक कमोडचे शौचालय. पादत्राणे काढता येत नाहीत अशांसाठी आत वापरण्याच्या स्वच्छ जोडाची परवानगी असावी. सभागृहाची स्वच्छताही राहील आणि माणूसही आत राहील. दुसरी, वितरणाऐवजी दुरुस्तीसाठी निधी. ज्यांना पाय मिळाले आहेत पण ते माळ्यावर पडले आहेत, त्यांना नवी खोबण, नवा पट्टा, जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी देण्यासाठी आमची तुकडी पहिली वर्गणी देत आहे. या निधीच्या कार्यक्रमात व्यासपीठ व छायाचित्रे नसावीत, एवढीच आमची अट आहे. तिसरी, या निधीच्या समितीत कृत्रिम अवयव वापरणारी किमान दोन माणसे असावीत. सल्ल्यापुरती नव्हे, निर्णयासाठी.

चौथी गोष्ट पालकांसाठी. बारावी विज्ञान झालेल्या मुलांपुढे आपण दोन-तीन ठरावीक वाटाच ठेवतो आणि त्यांत प्रवेश न मिळाल्यास मुले हताश होतात. कृत्रिम अवयव व आधारसाधने घडवण्याचा पदवी अभ्यासक्रम आहे. त्यात शरीररचनाही शिकवतात आणि साचा, प्लास्टिक, धातू यांवरचे हातकामही. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करून त्यात सन्मानाने व्यवसाय करता येतो. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून या क्षेत्रातील राष्ट्रीय संस्था आहे. पुण्यात तर दुसऱ्या महायुद्धातील जखमी जवानांसाठी १९४४ साली सुरू झालेले कृत्रिम अवयव केंद्र आजही कार्यरत आहे. आपल्या विद्यालयातून दरवर्षी एक जरी विद्यार्थी या वाटेने गेला, तर काही वर्षांत या परिसरातील माणसाला सैल झालेल्या पायासाठी शहर गाठावे लागणार नाही. कर्ज न काढता, मंडपाची वाट न पाहता, आपल्याच तालुक्यात, आपल्याच मुलाच्या हातून त्याचे माप घेतले जाईल. आणि त्या मुलाचे नाव लोक विचारतील.

ही स्मरणिका छापून हाती येईल तेव्हा कठड्याचे काम झालेले असेल, असा शब्द संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी आम्हांला दिला आहे. लोखंडी नळ्या आणल्या आहेत आणि त्या सांधण्याचे काम आमच्या मित्रानेच आपल्या ओळखीच्या वेल्डरकडे सोपवले आहे. कठड्याची उंची किती ठेवायची, ते त्यानेच मोजून दिले. पुढच्या मेळाव्यात वंदनेच्या वेळी आम्ही त्याला आतून खूण करणार नाही. आम्हीच थोडे सरकून त्याच्या खुर्चीला आपल्या रांगेत जागा करून ठेवू.